शुक्रवारच्या नमाजला उशीर झाल्यास परतावे का?
मशिदीत नव्याने जाणाऱ्यांमध्ये असा समज रूढ आहे की खुतबा, म्हणजे इमामांचे प्रवचन, चुकला तर शुक्रवारची नमाज होतच नाही. या समजामुळे कोणी संकोचून दारातूनच परतावे, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण तो खरा नाही. खुतब्याचे महत्त्व मोठेच आहे. तो चालू असताना शेजाऱ्याला ‘गप्प बस’ म्हणणेही हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, अनुचित मानले आहे. तरीही दोन रकातींपैकी, म्हणजे नमाजच्या दोन आवर्तनांपैकी, एक जरी इमामांमागे मिळाली, तरी उरलेली स्वतः पढून नमाज पूर्ण होते. दुसऱ्या रकातीचा रुकूही, म्हणजे कमरेतून वाकण्याचा टप्पाही, हुकला, तर बहुतेक इस्लामी विधिपरंपरांनुसार जुहरच्या, म्हणजे रोजच्या दुपारच्या नमाजच्या, चार रकाती पढाव्या लागतात. हनफी परंपरेत मात्र सलामापूर्वी, म्हणजे नमाज संपवणाऱ्या अभिवादनापूर्वी, सामील झालेल्यालाही जुम्म्याच्या (शुक्रवारच्या नमाजच्या) दोनच रकाती पूर्ण करायच्या असतात.