वही, पेन्सिल आणि बंद कोठडी : मराठी तुरुंगचिंतनाची पार्श्वभूमी

दीर्घ तुरुंगवासात लिहिलेली किंवा त्या वर्षांबद्दल नंतर लिहिलेली आत्मचिंतने मराठी वाचकाला नवी नाहीत. शाळेच्या पुस्तकातूनच आपली त्यांच्याशी ओळख होते, आणि बहुधा त्यामुळेच एक समजूत मनात घट्ट बसते की बंदिवासात माणूस आपोआप अंतर्मुख होतो, चार भिंतींनीच त्याला मोठे केले. ही समजूत मला अपुरी वाटते. या लेखनाचा इतिहास पाहू लागले की आधी दिसतात त्या अगदी साध्या गोष्टी: कागद मिळाला का, तो मोजून मिळाला का, दिवसाच्या सक्तमजुरीतून किती वेळ उरला, शेजारच्या कोठडीत बोलायला कोणी होते का, आणि लिहिलेले बाहेर जाऊ दिले गेले का. कैद्याने काय विचार केला यापेक्षा तो विचार टिकला कसा, याचा हा इतिहास आहे.

सुरुवात मंडालेपासून करणे भाग आहे. २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती आणि मधुमेहाचा विकार जडलेला होता. काही आठवडे साबरमतीच्या तुरुंगात काढल्यावर त्यांना ब्रह्मदेशातील मंडाले येथे नेण्यात आले आणि शिक्षेचे रूपांतर साध्या कैदेत झाले. लाकडी फळ्यांच्या बराकीतील ती खोली उन्हाळ्यात तापे आणि थंडीत गारठे. सक्तमजुरी नव्हती, पुस्तके मागवण्याची मुभा होती. लिहिण्यासाठी मात्र सुटे कागद मिळत नसत. बांधलेली वही मिळे, तिची पाने मोजलेली असत, आणि शाई नव्हे तर पेन्सिल वापरावी लागे. ‘गीतारहस्य’ या ग्रंथाचा खर्डा अशा वह्यांमध्ये उतरला. शके १८३२ च्या कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून फाल्गुन वद्य ३० पर्यंत, म्हणजे १९१०-११ च्या एका हिवाळ्यात, तो लिहून झाल्याची नोंद प्रस्तावनेतच आहे. पाच महिन्यांत एवढा ग्रंथ लिहून होतो तो त्यामागे कित्येक वर्षांचे वाचन आणि मनन साठलेले असते म्हणून. तुरुंगाने ते विचार दिले नाहीत. बाहेर वर्तमानपत्र, सभा आणि खटले यांत जो सलग वेळ कधीच हाती लागला नसता, तेवढा वेळ तुरुंगात मिळाला, आणि तोही मंडालेच्या हवेत प्रकृतीची किंमत मोजून.

त्याच वर्षांत टिळकांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला. पन्नाशी उलटलेला, सुटकेची खात्री नसलेला माणूस धातुरूपे आणि शब्दसंग्रह घोकत बसतो, हे चित्र मला त्या ग्रंथाइतकेच महत्त्वाचे वाटते. ७ जून १९१२ रोजी पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाईंचे निधन झाले. बातमी मंडालेला तारेने गेली. त्यानंतर भाच्याला लिहिलेल्या पत्रात टिळकांनी, अखेरच्या वेळी आपण जवळ नव्हतो याचे दुःख सर्वांत मोठे असल्याचे लिहिले आणि लगेच मुलांच्या शिक्षणात खंड पडू देऊ नये अशी सूचना केली. तुरुंगातील पत्रे अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जात, त्यामुळे शोक करायचा तोही परक्या माणसाच्या देखत. या पत्राचा संयम वाचताना ही गोष्ट विसरता येत नाही.

१६ जून १९१४ च्या मध्यरात्री त्यांना पुण्यात घरी आणून सोडले. वह्या मात्र सरकारने लगेच परत केल्या नाहीत. वह्या सरकारकडे राहिल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, तो पुन्हा लिहून काढू, असे टिळक म्हणाल्याची आठवण महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. पुढे वह्या मिळाल्या आणि १९१५ मध्ये ग्रंथ छापून निघाला. त्यांच्या मंडालेतील दिनक्रमाची पुष्कळशी माहिती आपल्याला त्यांच्यासाठी स्वयंपाक करायला नेमलेल्या कुलकर्णी नावाच्या साताऱ्याकडील कैद्याच्या आठवणींमुळे मिळते. त्या कैद्याच्या स्वतःच्या शिक्षेबद्दल, त्याच्या मनात त्या काळात काय चालले असेल त्याबद्दल, कोणी त्याला विचारल्याचे आढळत नाही.

मंडालेपेक्षा अगदी वेगळी परिस्थिती अंदमानात होती. विनायक दामोदर सावरकर यांना दोन जन्मठेपांची, म्हणजे पन्नास वर्षांची शिक्षा झाली आणि जुलै १९११ मध्ये त्यांना पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलमध्ये आणण्यात आले. त्या इमारतीची रचनाच कैद्याला कैदी दिसू नये अशी होती. मध्यवर्ती मनोऱ्यापासून सात पाखी फुटलेली, आणि एका पाखीतील कोठड्यांची तोंडे पुढच्या पाखीच्या पाठीकडे. थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात असूनही दोघांची भेट दीर्घकाळ होऊ दिली गेली नाही. काम होते काथ्या कुटण्याचे आणि कोलूला जुंपून तेल काढण्याचे. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढावे लागे, आणि कमी भरले तर शिक्षा ठरलेली. घरी वर्षातून एकच पत्र पाठवता येई. कागद-पेन्सिल नसल्याने कविता भिंतीवर काट्याने किंवा खिळ्याने कोरायच्या, पाठ करायच्या आणि चुन्याचा हात फिरला की पुन्हा कोऱ्या भिंतीवर पुढच्या ओळी मांडायच्या, अशी त्यांची रीत होती. मराठी पद्याला वृत्त आणि यमक का लागते याचे इतके रोकडे कारण दुसरे सापडणार नाही, कारण वृत्तात बांधलेले स्मरणात राहते. कैद्यांना अक्षरओळख करून देण्याचे कामही याच तुरुंगात झाले. १९२१ मध्ये त्यांना मुख्य भूमीवरच्या तुरुंगात हलवले आणि ६ जानेवारी १९२४ रोजी अटींवर सोडले. या काळात त्यांनी सरकारकडे केलेल्या अर्जांविषयीचा वाद आजही चालू आहे आणि त्याचा निवाडा या टिपणाच्या कक्षेत नाही. ‘माझी जन्मठेप’ हे त्यांचे कथन १९२७ मध्ये पुस्तकरूपाने आले, १९३४ मध्ये त्यावर बंदी आली आणि ती १९४६ मध्ये उठली. म्हणजे तुरुंगाची हकिगत बाहेर येऊनही बारा वर्षे कुलूपबंदच राहिली.

पुढच्या पिढीच्या तुरुंगवासावर एका नियमाचा खोल परिणाम झाला. लाहोरच्या तुरुंगात राजकीय कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध जतींद्रनाथ दास यांनी ६३ दिवस उपोषण केले आणि १३ सप्टेंबर १९२९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर कैद्यांची अ, ब आणि क अशी वर्गवारी आली. ती गुन्ह्यावर कमी आणि कैद्याचे शिक्षण, राहणीमान व सामाजिक स्थान यांवर अधिक अवलंबून होती. वरच्या वर्गाला पुस्तके, लेखनसाहित्य आणि बरे अन्न मिळे, आणि क वर्गाला दळण, खडी फोडणे आणि भाकरी. आपल्याकडे तुरुंगातील चिंतन म्हणून जे छापले गेले त्यात क वर्गाचा आवाज इतका क्षीण का, याचे उत्तर या वर्गवारीत पुष्कळसे आहे. त्यांच्या मनात काही घडलेच नाही असे त्यावरून मानणे अन्यायाचे होईल.

या काळातील धुळ्याचा तुरुंग स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे. २१ फेब्रुवारी १९३२ ते १९ जून १९३२ या काळात ओळीने अठरा रविवार विनोबा भावे यांनी तेथे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. रविवार निवडला कारण त्या दिवशी कामाला सुट्टी असे. ऐकणाऱ्यांत सत्याग्रही होते, साधे कैदीही होते, आणि समोर बसून सानेगुरुजी ती वाक्ये भरभर उतरवून घेत होते. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या टिपणांतून आले. मंडाले आणि धुळे यांतला फरक येथे उघड होतो. टिळकांचा ग्रंथ एकट्याने, ग्रंथांच्या सोबतीने, पंडितांशी मनातल्या मनात वाद घालत लिहिला गेला, तर विनोबांची भाषा समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत घडली, म्हणून तिच्यात शेत, पाणी, आई, रोजचे काम यांचे दाखले आहेत. तुरुंगात माणूस वाढतो तो नेहमी एकांतामुळेच वाढतो असे नाही. संगतीनेही वाढतो, आणि धुळ्याला ती संगत मिळाली हा योगायोग होता.

त्याआधी सानेगुरुजींनी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील कैद्यांबरोबर राहून तमिळशी ओळख करून घेतली होती. पुढे नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ९ फेब्रुवारी १९३३ च्या गुरुवारी आईच्या आठवणी लिहायला घेतल्या आणि १३ फेब्रुवारीच्या सोमवारी पहाटे लेखणी ठेवली. दिवसा नेमून दिलेले काम आणि लिहिणे रात्रीचे. ‘श्यामची आई’ आपण लहानपणी वाचतो आणि ती कोकणातील पालगडची गोष्ट म्हणून लक्षात ठेवतो. पण ती लिहिणारा माणूस तेव्हा चौतिशीच्या उंबरठ्यावरचा कैदी होता, त्याची आई कधीच गेली होती, आणि घर, अंगण, नदी यांपैकी काहीही त्याच्या दृष्टीस पडत नव्हते. पुस्तकातल्या बारीकसारीक तपशिलांची ओढ या अंतरातून आली असावी, असे माझे मत आहे.

१९४२ च्या अटकसत्रानंतर अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलेल्या काँग्रेस कार्यकारिणीत मराठी माणूस शंकरराव देव होते. नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत भारताच्या इतिहासावरचा आपला ग्रंथ तेथेच लिहिला. विनोबांनी याच काळात वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेतील चारही भाषांचा अभ्यास केला. या सर्वांची अवस्था एका बाबतीत टिळकांहून बिकट होती. टिळकांना सहा वर्षे हा आकडा ठाऊक होता. खटल्याविना कोंडलेल्या स्थानबद्धाला मुदतच नसते. दिवस मोजून संपवण्याचा आधारही त्याला मिळत नाही. १९७५ मध्ये आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली येरवड्याला आणि नाशिकरोडला गेलेल्यांच्या लेखनात हीच अनिश्चितता पुन्हा दिसते.

गोमंतकाच्या मुक्तिलढ्यातील मोहन रानडे यांचा बंदिवास लांबीने सावरकरांच्या बंदिवासाच्या जवळ जातो. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी अवस्थेत ते पोर्तुगिजांच्या हाती लागले. पुढे २६ वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी पोर्तुगालमधील तुरुंगात झाली, आणि तेथेही त्यांच्या वाट्याला दीर्घ एकांतवास आला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. ज्या कारणासाठी शिक्षा झाली ते कारण सिद्धीस गेले, आणि कैदी मात्र परमुलखात, परभाषेत, आणखी सात वर्षे अडकून राहिला. सुधीर फडके यांच्यासारख्यांनी त्यांच्या सुटकेसाठी सतत प्रयत्न केले. जानेवारी १९६९ मध्ये ते मोकळे झाले. आपल्या आठवणी त्यांनी ‘सतीचे वाण’ या पुस्तकात लिहिल्या आहेत, आणि मराठी वाचकांनी त्यांच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही ही खंत नोंदवायला हवी.

कैद्याने लिहिलेले बाहेर जाऊ द्यायचे की नाही, हा मंडालेच्या वह्यांपासूनचा प्रश्न अखेर एका मराठी पुस्तकावरून सर्वोच्च न्यायालयात पोचला. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या जिल्हा तुरुंगात स्थानबद्ध असलेले कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी यांनी अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत विज्ञानाचे पुस्तक लिहिले. १९६४ मध्ये हस्तलिखित तयार झाले तेव्हा ते प्रकाशनासाठी पत्नीकडे पाठवू देण्यास सरकारने नकार दिला. मजकुरात राजकारणाचा लवलेश नव्हता. सरकारचे म्हणणे एवढेच होते की स्थानबद्धाला नियमांनी दिलेले हक्क तेवढेच असतात आणि पुस्तक छापण्याचा हक्क त्यांत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला आणि ६ सप्टेंबर १९६५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचे अपील फेटाळले. नियमांनी जे स्पष्टपणे काढून घेतलेले नाही ते माणसाकडेच राहते, असा त्या निकालाचा आशय होता.

आज राज्यातील मध्यवर्ती कारागृहांत यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची आणि इग्नूची अभ्यासकेंद्रे चालतात. जन्मठेप भोगणारे बंदी तेथे पदवीच्या परीक्षा देतात आणि अनेकांच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेले ते पहिलेच असतात. त्यांची पत्रे घरी जाण्याआधी आजही अधिकारी वाचतात.