बाई रडली कशी नाही?

ठाण्यात घोडबंदर रोडच्या एखाद्या सोसायटीत कुणाचा नवरा गेला, की भेटून परतणाऱ्यांची कुजबुज लिफ्टमध्येच सुरू होते. ‘एक टिपूस नाही हो डोळ्यांत!’ दुसऱ्या घरून निघताना नेमकं उलट: ‘किती ते रडणं, मुलांकडे तरी बघायला नको का?’ तेराव्यानंतर तिनं टिकली लावली तर तो एक विषय, सहा महिन्यांनी तलावपाळीवर मैत्रिणींबरोबर खळखळून हसताना दिसली तर दुसरा. बायको गेलेल्या पुरुषासाठी वर्षाच्या आत स्थळं बघायला लागले, की मात्र हेच आवाज मवाळ होतात. त्याच्या जेवणाखाण्याचे हाल होतात ना!

दुःख असेल तर ते दिसणारच, आणि दिसत नाही म्हणजे नाहीच, असं आपण धरून चालतो. हे तपासणं वाटतं तितकं सोपं नाही. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्याला गाठून प्रश्न विचारले, तर तो आधी कसा होता हे कसं कळणार? अमेरिकेत मिशिगनमधल्या संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर उपाय काढला. डेट्रॉइट परिसरातल्या ज्येष्ठ दांपत्यांमधल्या दीड हजारांवर लोकांच्या मुलाखती त्यांनी दोघंही हयात असतानाच घेतल्या. पुढे ज्यांचा जोडीदार गेला त्यांना सहाव्या आणि अठराव्या महिन्यात पुन्हा भेटले. त्यातल्या २०५ जणांची माहिती मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली.

आपल्याला ‘रीतसर’ वाटतो तसा शोक, म्हणजे आधी कोसळणं आणि मग हळूहळू सावरणं, फक्त ११ टक्क्यांच्या आसपास लोकांत आढळला. सर्वांत मोठा गट, सुमारे ४६ टक्के, असा होता की त्यांच्यात नैराश्याची लक्षणं ना आधी वाढलेली होती ना नंतर वाढली. साधारण १६ टक्के अठरा महिन्यांनंतरही खचलेलेच होते. आणि दहाएक टक्के आधी निराश होते, जोडीदार गेल्यावर सुधारले. यातल्या अनेकांचं सहजीवन कडू-गोड होतं, जोडीदार आजारी होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं वर्षानुवर्षं केलेल्या बाईला सुटल्यासारखं वाटलं, तर ते बोलायची सोय आपल्याकडे कुठे आहे?

त्या ४६ टक्क्यांबद्दल पहिली शंका येते ती ‘पटत नसेल दोघांचं’. संशोधकांनाही ती आलीच. पण पतिपत्नीचं नातं कसं आहे याची नोंद आधीच झालेली होती, आणि त्यात या गटाचा संसार इतरांपेक्षा फिका नव्हता. माणसंही थंड किंवा कोरडी नव्हती. सुरुवातीच्या महिन्यांत आठवणींचे कढ त्यांतल्या बहुतेकांना येत होते. फक्त ते येऊन जात, आणि बाई दूधवाल्याचा हिशोब करू शके.

हसण्यावरही अभ्यास झाला आहे. डॅकर केल्टनर आणि बोनॅनो यांनी जोडीदार जाऊन सहाएक महिने झालेल्यांना त्या व्यक्तीबद्दल बोलतं केलं आणि चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचाली टिपल्या. खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, उसन्या हसण्यात सहसा ओठच हलतात. १९९७ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की बोलता बोलता खरं हसू फुटलेल्यांना मनाचा त्रास कमी होता. शिवाय अनोळखी प्रेक्षकांना ही माणसं अधिक आवडली. म्हणजे त्या हसण्यात परक्याला काही गैर दिसत नाही. मला वाटतं, खटकतं ते दिवस मोजत बसलेल्या शेजाऱ्यालाच.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातले मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये या साऱ्याची एक मांडणी केली. शोक करणारा माणूस झोक्यासारखा दोन टोकांमध्ये जातो-येतो. एकीकडे गेलेल्याची आठवण आणि रडणं, दुसरीकडे बँकेतलं नाव बदलणं, गॅस बुक करणं, थोडं विसरणं. दोन्ही लागतं. भेटायला आलेल्याला मात्र एका वेळी एकच टोक दिसतं.

आणि दिसावं काय, हेही गावोगाव बदलतं. नॉर्वेच्या मानववंशशास्त्रज्ञ उन्नी विकान यांनी कैरो आणि बाली इथल्या दोन मुस्लिम समाजांची तुलना केली. धर्म एकच. पण कैरोत मोकळेपणी आक्रोश करणं हेच निरोगी मानतात, तर बालीत शोकातही हसून बोलतात, कारण दुःख धरून बसलं तर स्वतःची आणि इतरांचीही तब्येत बिघडते अशी समजूत आहे. बालीची बाई आमच्या नौपाड्यात राहायला आली असती, तर तिचं काय केलं असतं कोण जाणे.

आपल्याकडे तर बाईच्या अंगावरच शोक चढवायची रीत होती. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. शहरात असा ठराव कुणी करायचा? सोसायटीच्या जनरल बॉडीची वेळ पार्किंगलाच पुरत नाही.

पुरुषावर कुणाची नजर नसते, याचा त्याला फायदाच होतो असंही नाही. इंग्लंड-वेल्समधल्या ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू, त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानानं ४० टक्क्यांनी जास्त होते. त्यांत हृदयविकाराचा वाटा मोठा. ‘काका घट्ट आहेत’ म्हणून ज्यांना सोडून दिलं जातं, त्यांच्या बीपीच्या गोळ्या कोण बघतं?

मग काळजी करायची कधी? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात लांबलेल्या शोकाला आजार म्हणून स्थान मिळालं. त्यासाठी किमान सहा महिने उलटलेले हवेत, त्या समाजाच्या रीतीच्याही पलीकडे शोक गेलेला हवा, आणि रोजचं जगणं ठप्प झालेलं हवं. अमेरिकी मानसोपचार संघटना प्रौढांसाठी बारा महिने धरते, म्हणजे आपल्या वर्षश्राद्धाच्या सुमाराला. तेराव्यापर्यंत रडणं-न रडणं पाहून डॉक्टरलाही हे ठरवता येत नाही. आपली सगळी टेहळणी मात्र त्याच तेरा दिवसांत उरकते, आणि सहाव्या महिन्यात दारावरची बेल वाजत नाही.

तेव्हा जावं. झोप लागते का, एकट्यानं जेवण जातं का, पेन्शनचे कागद झाले का, विचारावं. सतत गेलेल्या माणसाच्याच ओढीत दिवस जात असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.