वनस्पती उद्यानाच्या नोकरीत चित्रकार

वनस्पती उद्यानात ऑर्किड बघायला जावं आणि वाटेत एखादं भलंमोठं ब्राँझ किंवा रंगीत काचेचं शिल्प आडवं यावं, असं आता जगभर होतं. काहींना ते आवडतं, काहींच्या कपाळाला आठी पडते: झाडं बघायला आलो, हे मध्येच काय? शिल्पांबद्दल ही तक्रार थोडीफार खरी आहे. पण कलाकार या आवारात नवा आलेला नाही. काही शतकं तो इथे नोकरीला होता.

सोळाव्या शतकात इटलीत पिसा आणि पाडुआ इथे विद्यापीठांनी बागा उभारल्या. पाडुआची बाग १५४५ची, आजही मूळ जागी आहे. तिथे १५८५ साली लावलेला एक ताड काचघरात अजून उभा आहे. या बागा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी होत्या. औषधी वनस्पती ओळखण्यात चूक झाली तर रोग्याच्या जिवावर बेतायचं, म्हणून खरी वनस्पती डोळ्यांसमोर हवी. पण वाफ्यातली वनस्पती हंगामाची पाहुणी. यावर उपाय म्हणून झाड दाबून, वाळवून कागदावर चिकटवायची पद्धत रूढ झाली. तिचं श्रेय बहुधा पिसाच्या बागेचे संस्थापक लुका गिनी यांना दिलं जातं. आजची हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचे संग्रह, त्याच पद्धतीवर चालतात.

वाळवलेल्या नमुन्याची अडचण अशी की त्याचा रंग उडतो. निळं फूल तपकिरी होतं, गोल फळ चपटं होतं, आणि निवडुंगासारखं मांसल झाड तर नीट दाबताच येत नाही. जे कागदावर टिकत नाही ते रंगात टिकवायचं, हे काम चित्रकाराकडे आलं. वाफ्यातलं झाड, वाळवलेला नमुना आणि चित्र ही एकाच नोंदीची तीन अंगं झाली. त्यातलं चित्र कधी कधी एकटंच मागे उरलं. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा १२ खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्सटरडॅमला छापला गेला. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने दिलेली काही नावं नेमक्या कोणत्या वनस्पतीची, हे ठरवताना आजही त्यातल्या चित्रांचाच आधार घेतला जातो.

या कामाचे नियम कडक असतात. पार्श्वभूमी कोरी, झाड शक्यतो खऱ्या मापाचं, आणि कोपऱ्यात फुलाचे अवयव सुटे करून, मोठे करून काढलेले: पुंकेसर, बीजांडकोश, बी. चित्रकाराला आवडलेली सावली किंवा वाऱ्याने वाकलेली फांदी इथे चालत नाही. गेऑर्ग एहरेट या जर्मन चित्रकाराने १७३६ मध्ये लिनियसच्या वर्गीकरणाचा तक्ता चित्रात मांडला, तो पुंकेसरांच्या संख्येवरच उभा होता. चित्रात एक पुंकेसर कमी पडला तर झाड दुसऱ्याच वर्गात जाणार.

फेर्डिनांड बाउअर या ऑस्ट्रियन चित्रकाराची रीत तर थक्क करणारी होती. १८०१ मध्ये तो मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाला निघाला. तिथे रंग लावत बसायला सवड नव्हती. त्याने पेन्सिलीने रेखाटनं केली आणि पाकळी, देठ, पानाची मागची बाजू अशा प्रत्येक जागी बारीक आकडे लिहून ठेवले. एकेक आकडा म्हणजे एकेक छटा, आणि अशा छटा जवळजवळ हजार. पुढे निवांतपणे त्या आकड्यांवरून त्याने रंग भरले.

त्याचा भाऊ फ्रान्झ मात्र एका जागी बसला. १७९०च्या सुमारास जोसेफ बँक्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने त्याला लंडनजवळच्या क्यू उद्यानात आणलं आणि स्वतःच्या खिशातून पगार दिला. आपल्यामागेही तो चालू राहावा, अशी तजवीजही बँक्सने केली. १८४० मध्ये मरेपर्यंत फ्रान्झ क्यूमध्येच चित्रं काढत होता. पॅरिसमध्ये हे काम राजाश्रयाने चालत होतं. तिथे वासराच्या कातड्यावर वनस्पतींची चित्रं काढून घेण्याची परंपरा होती. राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये राजाच्या बागेचं राष्ट्रीय संग्रहालय झालं आणि चित्रांचा तो ठेवाही तिकडे गेला. राजा गेला, चित्रकाराची जागा राहिली.

आपल्याकडची गोष्ट याहून मोठी आहे आणि जरा बोचणारीही. कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी शिबपूरला ईस्ट इंडिया कंपनीने १७८७ मध्ये बाग काढली. १७९३ पासून विल्यम रॉक्सबर्ग तिचा अधीक्षक होता. त्याने भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक वनस्पतिचित्रं काढून घेतली. एक संच लंडनला जायचा, एक इथे राहायचा. दरबारी लघुचित्रांच्या वळणाचा हात आणि शास्त्राला हवी असलेली चिरफाड, दोन्ही एकाच कागदावर उतरलं. काही पानांच्या शिरा इतक्या बारकाईने काढल्या आहेत की छापताना युरोपातल्या कोरक्यांना घाम फुटला असणार. त्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. रॉक्सबर्गनंतर काही वर्षांनी त्याच बागेचा अधीक्षक झालेल्या वॉलिकच्या ग्रंथात विष्णुप्रसाद आणि गोराचांद ही नावं येतात, दक्षिणेत वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइटसाठी काम करणारे रंगिया आणि गोविंदू माहीत आहेत. बाकीचे ‘नेटिव्ह आर्टिस्ट’ एवढ्यावरच संपतात.

पुण्याजवळच्या दापोडीतही हेच घडलं. तिथे १८२८ मध्ये मुंबई सरकारची वनस्पती बाग सुरू झाली. पुढे तिचा अधीक्षक असलेल्या अलेक्झांडर गिब्सनने १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून तिथल्या वनस्पती रंगवून घेतल्या. ती चित्रं आज एडिंबराच्या उद्यानाकडे नीट जपलेली आहेत. झाडाचं नाव प्रत्येक चित्राला आहे, काढणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

तोवर चित्रं कपाटात राहत होती, अभ्यासकांपुरती. ती भिंतीवर आणली मेरिअन नॉर्थ या इंग्रज चित्रकर्तीने. ती पगारी नव्हती. वडिलांकडून आलेल्या पैशावर जग हिंडली, भारतातही १८७७ ते १८७९ अशी राहिली. तिने शास्त्रीय चित्राचे नियम बाजूला ठेवून तैलरंग घेतले आणि झाड जिथे वाढतं तिथेच, डोंगर, धुकं, माशा-कीटकांसकट रंगवलं. मग क्यूला पत्र लिहिलं: चित्रं देते, इमारतही माझ्या खर्चाने बांधते. १८८२ मध्ये दालन उघडलं. आठशेच्या वर चित्रं, एकमेकांना चिकटून, देशवार लावलेली, आणि खाली २४६ प्रकारच्या लाकडांच्या फळ्या. भेट देणाऱ्यांना चहा-कॉफी मिळावी अशी तिची इच्छा होती, ती संचालक जोसेफ हूकरने मोडून काढली. तिने दाराच्या चौकटीवर चहा आणि कॉफीची झुडपं रंगवून ठेवली! बोर्निओत तिने रंगवलेला एक घटपर्णी (कलशासारख्या पानांत कीटक पकडणारी वनस्पती) तोवर शास्त्राला अनोळखी होता. चित्र पाहून त्याचे नमुने शोधून आणले गेले आणि त्याला तिचं नाव मिळालं.

विसाव्या शतकात सरमिसळ आणखी वाढली. ब्राझीलचा रोबेर्तो बुर्ले मार्क्स मूळचा चित्रकार. आपल्या देशातल्या झाडांची श्रीमंती त्याला पहिल्यांदा उमगली ती १९२८च्या सुमारास बर्लिनच्या वनस्पती उद्यानातल्या काचघरांत. पुढे त्याने स्वतः हजारो जातींचा संग्रह केला आणि झाडांच्याच रंगांनी बागा ‘रंगवल्या’.

मोठ्या शिल्पप्रदर्शनांची लाट मात्र अलीकडची, आणि तिच्यामागे सरळसरळ गल्ल्याचा हिशोब आहे. बियाणं साठवणं, हर्बेरियम चालवणं, काचघर गरम ठेवणं यांतून तिकीट खपत नाही. शिकागोच्या गारफिल्ड पार्क काचघरात २००१ मध्ये अमेरिकन कलाकार डेल चिहुलीच्या काचशिल्पांनी गर्दी खेचली. मग क्यू (२००५), न्यू यॉर्क (२००६) अशी रांग लागली. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरची ब्राँझ शिल्पं २००७ मध्ये क्यूच्या हिरवळीवर आली. मला यांतली बरीच प्रदर्शनं पटत नाहीत. मागचं झाड बदललं तरी शिल्पाचं काही बिघडत नाही, तेव्हा ते बागेत कशाला? वुल्फगँग बट्रेसचं ‘द हाइव्ह’ याला अपवाद. २०१६ मध्ये क्यूत आलेल्या या १७ मीटर उंच अॅल्युमिनियमच्या जाळीतले दिवे आणि सूर उद्यानातल्याच एका मधमाश्यांच्या पोळ्यातल्या हालचालींवर चालतात. ते तिथून उचललं तर अर्थच जातो.

दरम्यान जुनं कामही थांबलेलं नाही. नव्या जातीचं वर्णन छापताना बारीक केस, ग्रंथी, परागकोशाची फट दाखवायला अनेक शास्त्रज्ञ अजूनही रेखाचित्रच मागतात, कारण छायाचित्रात एकाच फुलाचे दोष आणि सावल्याही येतात. लंडनच्या चेल्सी बागेत १९९५ मध्ये आणि ब्रुकलिनच्या उद्यानात २००० मध्ये चित्रकारांची मंडळं स्थापन झाली. त्या-त्या बागेत वाढणाऱ्या झाडांची एकेक करून चित्रं काढायची, हेच त्यांचं काम. ब्रुकलिनमध्ये चित्र काढलेल्या झाडाचा वाळवलेला नमुनाही हर्बेरियममध्ये ठेवला गेला, आणि चित्रावर काढणाऱ्याची सही असते.