पारा उणे 30, गालाला मात्र उणे 46

निफाडचा पारा 6 अंशांवर उतरला की नाशिककरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास एक संदेश फिरतो: "मोबाइलवर बघा, खरं तापमान शून्य आहे, हवामान खातं लपवतंय!" खातं काही लपवत नाही. मोबाइलवर 'फील्स लाइक' म्हणून दिसतो तो आकडा हवेचा नसतोच. उघड्या गालातून उष्णता किती झपाट्याने निघून जातेय, याचा तो हिशेब असतो.

हा हिशेब खरा जिवावर बेततो तो अलास्काच्या उत्तर टोकाला, प्रूडो बे इथल्या तेलक्षेत्रात. तिथे 1968 मध्ये तेल सापडलं आणि 1977 पासून ते सुमारे 1,300 किलोमीटर लांबीच्या पाइपलाइनने दक्षिणेच्या बंदरात जातं. हिवाळ्यात उणे 30 अंश ही तिथली नेहमीची बाब. रिगवरचा कामगार कपड्यांचे थर चढवतो, माकडटोपी आणि गॉगल घालतो. तरी दोन्हींच्या मधे बोटभर गाल उघडा राहतो. हिमदंशाचा पांढरा डाग नेमका तिथे उमटतो. कातडी बधिर झाल्यामुळे ज्याच्या गालावर डाग पडला त्याला पत्ताच नसतो. म्हणून जोडीने काम करायचं आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहायचं, ही तिथली शिस्त.

वारा नेमकं करतो काय? आपल्या कातडीला चिकटून काही मिलिमीटर जाडीचा हवेचा थर असतो. शरीर त्याला तापवतं आणि तो गोधडीसारखा ऊब धरून ठेवतो, कारण स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश जाते. वारा हा थर खरवडून पातळ करतो. पण गंमत पुढे आहे. उणे 30 अंशांत ताशी 10 किलोमीटरची झुळूक आली तरी गालाला उणे 39चा गारठा लागतो. वारा 30 झाला की उणे 46, आणि 60 झाला तरी फक्त उणे 50. पहिली झुळूकच सगळ्यात महाग! कारण थर एकदा पातळ झाला की वाऱ्याला खरवडायला फारसं उरत नाही. मग उष्णतेला अडवते ती मुख्यतः कातडी आणि तिच्याखालचं मांस. म्हणूनच हा गारठा काढायच्या सूत्रात वेग सरळ येत नाही, त्याचा 0.16वा घात येतो. 1940च्या दशकात सिपल आणि पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकात प्लॅस्टिकच्या नळकांड्यातलं पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजून पहिलं सूत्र बांधलं. आजचं सूत्र 2001चं, वाऱ्याच्या बोगद्यात माणसांना चालवून तपासलेलं.

आता त्या उणे 46चा पाइपला, क्रेनच्या हुकाला, टाकीतल्या डिझेलला संबंध काय? काही नाही. वाऱ्याने गरम इंजिन लवकर निवेल, पण उणे 30च्या खाली जाणार नाही. पोलाद ठिसूळ होतं आणि डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, तेही पाऱ्यावरच्या आकड्यानेच.

पहाटे निफाडहून नाशिकला ताशी 50 किलोमीटरने मोटारसायकल हाणणाऱ्यालाही 6 अंशांत शून्याचा गारठा लागतो. (सूत्रातला वारा जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा असतो, तोंडापाशी तो मंद होतो, त्यामुळे मोटारसायकलवाल्याला खरं तर याहून जास्तच झोंबतं.) बोटं आखडतील, नाक वाहील, पण गोठणार काही नाही, कारण हवा 6 अंशांचीच आहे.

द्राक्षबागेत तर गणित उलटं फिरतं. वेल आपल्यासारखी ऊब तयार करत नाही. निरभ्र, शांत रात्री पानं आकाशाकडे उष्णता फेकतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतात. जमिनीलगत थंड हवा साचते, वर मात्र त्यामानाने उबदार हवा असते. वारा सुटला की दोन्ही मिसळतात आणि पान वाचतं. बागायतदाराने धास्ती घ्यायची ती पडलेल्या वाऱ्याची.

राहता राहिला थंडीवरचा घरगुती इलाज, ब्रँडीचे दोन घोट. थंडीत शरीर कातडीकडचा रक्तपुरवठा आवळून ऊब हृदय आणि मेंदूसाठी राखतं. दारू नेमक्या त्याच रक्तवाहिन्या सैल करते. गाल गरम लागतात खरे, पण ती आतून काढून वाऱ्यावर उधळलेली ऊब असते.