सायकलचं हेल्मेट आणि स्कूटरचं हेल्मेट: एकाच्या जागी दुसरं चालतं का?

मुंबईत सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १२९ स्कूटर-मोटारसायकलसाठी आहे आणि साधी सायकल कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नव्हे. २०२२ मध्ये वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक केलं, तेही दुचाकी वाहनांपुरतंच. म्हणजे सायकलवर घालायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

गोंधळ होतो तो घालायचं ठरल्यानंतर. घरात पडलेलं स्कूटरचं हेल्मेट उचललं जातं: जाड आहे, आयएसआयचा शिक्का आहे, म्हणजे जास्तच सुरक्षित. उलट सायकलचं हलकं हेल्मेट चढवून स्कूटरवर नाक्यापर्यंत जाऊन येणारेही आहेत. चूक दोन्हीकडे आहे, पण दुसरी जास्त महागात पडते.

आतलं तत्त्व दोन्हींत एकच. कवचाखाली थर्माकोलसारखा ईपीएसचा थर असतो. डोकं आदळलं की तो चेपतो, डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात आणि मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. त्यामुळे एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बाद.

फरक आहे तो कोणत्या आघातासाठी बांधलंय यात. स्कूटरच्या हेल्मेटचं कवच एबीएस प्लास्टिकचं किंवा फायबरग्लासचं आणि जाड असतं, वजन साधारण एक ते दीड किलो. पूर्ण हेल्मेट कान आणि जबडाही झाकतं. त्याचं मानक आयएस ४१५१, आणि १ जून २०२१ पासून त्या शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकताच येत नाही. (फुटपाथवर मिळणारी टोपीवजा हेल्मेटं फक्त चलान चुकवायला असतात. ती दोन्ही वाहनांवर निरुपयोगी.) सायकलचं हेल्मेट अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम. वर पॉलिकार्बोनेटचा पातळ पापुद्रा आणि हवेसाठी मोठाली छिद्रं. त्यात ईएन १०७८ किंवा सीपीएससी असं लेबल शोधायचं. युरोपच्या ईएन १०७८ चाचणीत ते सुमारे दीड मीटरवरून सपाट ऐरणीवर पाडतात, म्हणजे आदळताना वेग तासाला साडेएकोणीस किलोमीटर. अमेरिकेच्या सीपीएससीत ही उंची दोन मीटर.

हा आकडा पाहून लोक म्हणतात, ‘मी पंचवीसने चालवतो, मग काय उपयोग?’ तो आकडा सायकलच्या वेगाचा नाही. सायकलवरून कोसळणारं डोकं रस्त्याकडे खाली किती जोरात येतं, त्याचा आहे, आणि ते मुख्यतः उंचीवर ठरतं. पहिल्या पावसात तेलकट झालेला रस्ता, ओले पेव्हर ब्लॉक, गटाराच्या जाळीत अडकलेलं पुढचं चाक, पाण्याने भरलेला खड्डा: मुंबईतलं असं स्वतःहून पडणं या चाचणीच्या बरंच जवळचं आहे. भरधाव डंपरच्या धडकेसाठी ती बनलेलीच नाही, आणि साठच्या वेगातल्या स्कूटरसाठीही नाही.

मग सायकलवर स्कूटरचं का नको? आघात ते झेलेल, पण डोक्यावर राहणार नाही. पेडल मारणारं शरीर स्वतःच तापतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात उड्डाणपुलाच्या चढावर बंद कवचात घाम डोळ्यांत उतरतो आणि हेल्मेट हँडलला लटकतं. शिवाय पुढे झुकून बसल्यावर मागची कड मानेला टेकते, मान वर होत नाही, आणि कान झाकल्याने मागून येणारी बेस्ट उशिरा कळते.

सायकलवर हेल्मेटची सक्ती करावी का, या वादातही अशीच सरमिसळ आहे. २०१६ मध्ये जगभरातले चाळीसेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा हेल्मेट घातलेल्यांत डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता सुमारे दोन तृतीयांशांनी कमी आढळली. हे उत्तर अपघात झालेल्या माणसाबद्दलचं आहे. सक्तीचा प्रश्न शहराबद्दलचा आहे: किती लोक सायकलच सोडतील? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाने १९९० मध्ये सक्ती केली, तेव्हा मेलबर्नच्या मोजणीत किशोरवयीन सायकलस्वार घटलेले दिसले. मेक्सिको सिटीने २०१० मध्ये, तर सिएटलच्या किंग काउंटीने २०२२ मध्ये सक्ती मागे घेतली. डबेवाला, पाववाला, रात्रपाळीचा वॉचमन हेच जिथे रोजचे सायकलस्वार आहेत, तिथे सक्तीचा पहिला दंड त्यांच्याच खिशातून जाईल, म्हणून आम्ही सक्तीच्या बाजूने नाही. पहाटे मरिन ड्राइव्हवर घोळक्याने तिशीच्या वेगात जाणाऱ्यांनी मात्र हेल्मेट घालावंच. तिथे एकाचं चाक घसरलं की मागचे चौघे त्याच्यावर.

घेताना भुवईच्या वर एक बोट जागा सोडून डोक्याचा घेर टेपने मोजा. ५४ ते ५८ आणि ५८ ते ६२ सेंटीमीटर हे नेहमीचे माप, पण कंपनीगणिक थोडं बदलतं. पुढची कड भुवईच्या दोन बोटं वर, आडवी हवी. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट शहरभर दिसतं आणि तोंडावर पडलात तर तेच उघडं कपाळ आपटतं. मागची चकती आवळा आणि पट्टा न लावता डोकं हलवा. हेल्मेट डुगडुगता कामा नये. पट्ट्यांचा इंग्रजी व्हीसारखा जोड कानाच्या लगेच खाली यावा. हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढीच ढील. खाली टोपी घातली असेल तर ती घालूनच मोजा. जाड टोपी चालत नाही.

ई-सायकलची गोष्ट वेगळी. मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल तर ती मोटार वाहनात मोडत नाही, तिला सायकलचं हेल्मेट पुरतं. वेगमर्यादा काढून चाळीसने पळवलेली ई-सायकल मात्र स्कूटरच्या रांगेत जाते: आयएस ४१५१ चं हेल्मेट, शिवाय नोंदणी आणि लायसन्सही.

मुंबईत आधी खराब होतात त्या घामाने भिजलेल्या आतल्या गाद्या. त्या काढून साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा. थिनर किंवा पेट्रोलने पुसलं तर ईपीएस विरघळतं, आणि उन्हात बंद गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवलं तर कवच सुटू लागतं.