नोमुरा कात्सुया

नोमुरा कात्सुया (२९ जून १९३५ – ११ फेब्रुवारी २०२०) : जपानी व्यावसायिक बेसबॉलमधील कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू) आणि नंतर ‘कांतोकु’, म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक. जन्म क्योतो प्रांतातील आमिनो या समुद्रकाठच्या गावी. १९५४ मध्ये चाचणी देऊन ते नानकाई हॉक्स या संघात आले. पहिल्या मोसमात ९ सामन्यांत एकही हिट (बॅटरला बेस गाठून देणारा फटका) नाही. वर्षअखेरीस नारळ मिळणार होता, पण विनवण्या करून ते टिकले.

कर्व्ह बॉल, म्हणजे हवेत वळणारा चेंडू, त्यांना खेळता येत नसे. उपाय त्यांनी डोळ्यांनी शोधला. पिचर (चेंडू टाकणारा) इनाओ काझुहिसा यांचे १६ मिमी फिल्मवर चित्रण करवून घेतले आणि हात वर जाताना चेंडूचा पांढरा भाग किती दिसतो, यावरून पुढचा चेंडू ताडायला ते शिकले. १९६१ ते १९६८ सलग आठ वर्षे लीगमध्ये सर्वाधिक होम रन (सगळे बेस फिरून धाव मिळवून देणारे फटके) त्यांचेच होते. कारकिर्दीतील एकूण होम रन ६५७.

कॅचर इतर क्षेत्ररक्षकांकडे तोंड करून बसतो आणि कोणता चेंडू कुठे टाकायचा, याची खूण बोटांनी करतो. त्यासाठी नोमुरांनी बॅटरचे चार प्रकार पाडले : वेगवान चेंडूची वाट पाहत वळणारा चेंडू सावरून घेणारा; आतला की बाहेरचा हे आधी ठरवणारा; कोणत्या दिशेला मारायचे ते ठरवणारा; आणि एकाच जातीच्या चेंडूवर डाव लावणारा. चौथ्याला हवा तोच चेंडू मिळाला, तर तो कितीही चांगला पडलेला असो, फटका बसतोच. शिवाय तोच बॅटर परिस्थितीनुसार प्रकार बदलतो. तिसऱ्या स्ट्राइकला बॅटर बाद होतो, म्हणून दोन स्ट्राइक झाल्यावर डाव लावणे परवडत नाही. म्हणून बॉल (स्ट्राइकच्या कक्षेबाहेर गेलेला चेंडू) आणि स्ट्राइक यांच्या मोजणीच्या बाराही स्थिती (० ते ३ बॉल, ० ते २ स्ट्राइक) वेगवेगळ्या अभ्यासायच्या, हा त्यांचा आग्रह होता.

१९७० ते १९७७ ते नानकाईचे खेळाडू-प्रशिक्षक होते. १९७२ मध्ये हांक्यू संघाच्या फुकुमोतो युताका यांनी १०६ बेस चोरले, म्हणजे पिचर चेंडू टाकत असतानाच धावत पुढचा बेस गाठला. होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो ती जागा) दुसरा बेस सुमारे ३९ मीटरवर असतो. पिचरने पाय सावकाश उचलला, तर कॅचरचा हात कितीही दणकट असला तरी उपयोग नाही. नोमुरांनी पिचरना पाय कमी उचलून झटपट टाकायला लावले. यात चेंडूचा जोर थोडा घटू शकतो, पण धावपटू जागीच अडकतो. खांद्याच्या दुखण्यामुळे लांब पल्ला न झेपणाऱ्या एनात्सु युताकांना १९७७ मध्ये त्यांनी रिलीफ पिचर (सामन्याच्या मध्यात किंवा शेवटी येऊन थोडा वेळच चेंडू टाकणारा) केले. हा त्यांचा सर्वांत दूरगामी निर्णय म्हणावा लागेल.

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, १९८० मध्ये, त्यांनी खेळणे थांबवले. याकुल्ट स्वॉलोजमध्ये (१९९०–९८) त्यांनी चार लीग विजेतेपदे व तीन जपान सिरीज (दोन लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिका) जिंकल्या. सरावशिबिरात रात्री बैठका होत, आणि फळ्यावरचे खेळाडूंनी वहीत उतरवून घ्यायचे. चष्मा लावतो म्हणून आधी संघांनी नाकारलेला कॅचर फुरुता आत्सुया तिथेच घडला. हान्शिन टायगर्सकडे (१९९९–२००१) मात्र तिन्ही वर्षे तळाचे स्थान आले. पण त्याच संघातले त्यांचे कॅचर यानो आकिहिरो पुढे हान्शिनचे कांतोकु झाले. २०२१ मध्ये सेंट्रल लीगचे विजेतेपद यानोंच्या हातून थोडक्यात निसटले, ते ताकात्सु शिंगो यांच्या याकुल्टमुळे. ताकात्सुही नोमुरांच्याच तालमीतले.