मोटारगाडीची निगा व सुरक्षित वापर (बडोदे)

मोटारगाडीची निगा या संज्ञेत खासगी गाडीच्या मालकाने दोन सर्व्हिसिंगांच्या मधल्या काळात स्वतः करावयाची तपासणी, वेळच्या वेळी करून घ्यावयाची दुरुस्ती आणि गाडी चालविताना बाळगावयाची दक्षता या तिन्ही गोष्टी येतात. गाडीसोबत मिळणारी पुस्तिका साऱ्या देशासाठी एकच असते. निगेचे प्रत्यक्ष वेळापत्रक मात्र गावचे हवामान आणि मालकाची गाडी वापरण्याची पद्धत यांवर ठरते. बडोद्यात ते मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : मे महिन्यात चाळीस अंशांपलीकडे जाणारे तापमान, शहराजवळून जाणारे द्रुतगती मार्ग आणि विश्वामित्री नदीचा पूर. यांपैकी पुराची तयारी सर्वांत कमी केली जाते आणि नुकसान मात्र सर्वांत मोठे तेथेच होते.

दांडिया बाजार, रावपुरा यांसारख्या जुन्या मराठी वस्तीच्या भागांत गल्ल्या अरुंद आणि गाडी लावण्यास जागा अपुरी असल्यामुळे अनेक घरांतून रोजची कामे दुचाकीवर होतात आणि गाडी सणासुदीला किंवा सुमारे चारशे किलोमीटरवरील मुंबईस अथवा त्यापुढे पुण्यास नातलगांकडे जाण्यासाठी बाहेर निघते. अशा गाडीच्या बाबतीत किलोमीटरचा हिशेब फसवा ठरतो. ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते’ ही पुस्तिकेतील सूचना वाचताना मालकाचे लक्ष पहिल्या भागावर जाते. थोडी चालणाऱ्या गाडीला लागू पडतो तो दुसरा भाग. घरापासून मंडईपर्यंतच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये साठलेला ओलावा उडून जात नाही, आणि इंजिन सुरू करताना खर्च झालेली बॅटरी तेवढ्या वेळात पुन्हा भरत नाही. उभ्या गाडीच्या बोनेटखाली उंदीर व खारी घर करतात आणि तारा कुरतडतात. आठवड्यातून एकदा तरी गाडी वीस-पंचवीस मिनिटे सलग चालवावी, असे मिस्त्री सांगतात त्यामागे ही कारणे आहेत. जागच्या जागी इंजिन चालू ठेवल्याने ते साधत नाही.

इंजिन ऑइलची पातळी गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून पट्टीवर पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये असावी. वरच्या खुणेपलीकडे भरलेले ऑइलही अपायकारक असते. ऑइल काळे पडले एवढ्यावरून ते निकामी झाले असे होत नाही, पण ते दुधाळ दिसू लागले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजून गाडी पुढे चालवू नये. ऑइलचा दर्जा, उदाहरणार्थ ५ डब्ल्यू-३० किंवा ० डब्ल्यू-२० (हे आकडे ऑइलचा दाटपणा दाखवितात), पुस्तिकेत दिलेलाच असावा. ‘जाड ऑइल म्हणजे इंजिनाला जास्त संरक्षण’ ही समजूत आजच्या इंजिनांना लागू पडत नाही.

कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारे, एथिलीन ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी यांचे मिश्रण. रेडिएटरच्या झाकणामुळे निर्माण होणाऱ्या दाबाखाली ते १२० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. त्याची पातळी कमी झाली म्हणून बोअरवेलचे पाणी ओतण्याची सवय फार महाग पडते, कारण जड पाण्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात आणि गाडी नेमकी पुढच्या मे महिन्यात तापते. तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागला तर एसी बंद करावा, गाडी बाजूला घेऊन इंजिन थांबवावे आणि ते पूर्ण निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये; गरम झाकण उघडताच दाबाखालील द्रव उसळून बाहेर येतो आणि हात-तोंड भाजते. ब्रेकच्या तेलाकडे सहसा कोणी पाहत नाही. हे तेल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो : डॉट ४ दर्जाच्या नव्या तेलासाठी तो किमान २३० अंश असावा लागतो, ओलावा शोषलेल्या तेलासाठी हे प्रमाण १५५ अंश आहे. पावागढचा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरल्यास असे जुने तेल उकळून पेडल एकाएकी मऊ पडू शकते. म्हणून साधारणतः दर दोन वर्षांनी ते बदलतात आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी चालवितात.

बॅटरी हिवाळ्यात दगा देते, परंतु तिचे आयुष्य कमी होते ते उन्हाळ्यात. पूर्ण भरलेल्या, विश्रांत स्थितीतील बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरतो. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर इंजिन सुरू करताना आधी धन टोके जोडावीत, मग दुसरी केबल चालू गाडीच्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी. त्या केबलचे शेवटचे टोक बंद पडलेल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे, म्हणजे बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ ठिणगी पडत नाही.

अहमदाबाद-बडोदे हा सुमारे ९३ किलोमीटरचा मार्ग राष्ट्रीय द्रुतगती मार्ग क्रमांक १ म्हणून ओळखला जातो, आणि दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा बडोदे-भरूच हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला. या रस्त्यांवर टायरची परीक्षा होते. हवा कमी असलेल्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते, वाकल्याने तापते, आणि तासाभराच्या वेगवान प्रवासानंतर उन्हाळ्याच्या दुपारी फाटते. त्यामुळे उन्हाळ्यात हवा कमी भरावी हा प्रचलित सल्ला उलटा आहे. हवेचे योग्य माप चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेले असते आणि ते थंड टायरचे असते, म्हणून हवा घरून निघतानाच तपासावी. तापलेल्या टायरची वाढलेली हवा सोडून देऊ नये. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलावा लागतो, पण पावसात पाणी बाजूला सारण्याची त्याची शक्ती त्याआधीच घटलेली असते. टायरच्या बाजूवरील चार अंकांत निर्मितीचा आठवडा व वर्ष दिलेले असते (२३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा). कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजण्यापूर्वीच म्हातारे होतात आणि डिकीतील स्टेपनी तर बहुधा गरज पडते त्या दिवशीच आठवते. नायट्रोजन भरल्याने हानी नाही, परंतु साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

केंद्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे द्रुतगती मार्गावर प्रवासी मोटारींची कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर ठरविण्यात आली. प्रत्यक्षात फलकावर जो कमी आकडा असेल तो पाळावा लागतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते, आणि शंभराच्या वेगात चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच्या एका सेकंदात गाडी सुमारे २८ मीटर पुढे गेलेली असते. पुढच्या गाडीपासून निदान तीन सेकंदांचे अंतर ठेवण्याचा नियम यातूनच आला. मागच्या आसनावरील प्रवाशांनाही सीटबेल्ट कायद्याने बंधनकारक आहे. आजी-आजोबांच्या मांडीवर बसविलेले मूल सुरक्षित असते ही घरोघरची समजूत चुकीची आहे. धडकेच्या क्षणी ते मूल कोणत्याही हातांना धरून ठेवता येत नाही.

पावसाळ्याची तयारी वायपरच्या रबरांपासून सुरू होते, कारण उन्हाने ती कडक होतात. त्यानंतर दिवे, ब्रेक, दारांखालच्या पाणी निघण्याच्या छिद्रांतील माती. ही छोटी कामे झाली तरी बडोद्याचा खरा प्रश्न साचलेल्या पाण्याचा आहे. पावागढच्या डोंगरांतून येणारी विश्वामित्री शहराच्या मध्यातून वळणे घेत वाहते आणि तिची धोक्याची पातळी सुमारे २५ फूट मानली जाते. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नदीचे पाणी ३७ फुटांपर्यंत चढून अनेक सोसायट्यांची वाहनतळे बुडाली. तळघरातील वाहनतळ अशा वेळी सर्वांत वाईट. पातळी वाढल्याची सूचना मिळताच गाडी उड्डाणपुलावर किंवा उंच भागात नेऊन ठेवण्याची रीत आता शहरात रुजत आहे आणि ती योग्यच आहे, मात्र मदतीच्या वाहनांची वाट अडता कामा नये.

अलकापुरीचे गरनाळे (रेल्वेखालचा भुयारी रस्ता) जोराच्या पावसात भरते, हे बडोदेकरांना सांगावे लागत नाही. तरीही पुढची गाडी गेली म्हणून आपणही जाणारे दर वर्षी आढळतात. पाणी चाकाच्या निम्म्या उंचीपेक्षा जास्त असेल तर जाऊ नये. जावेच लागले तर पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या मंद वेगाने, न थांबता जावे आणि बाहेर पडल्यावर हलके ब्रेक लावून ते कोरडे करावेत. पाण्यात इंजिन बंद पडले तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, आणि या नोंदीतील कोणत्याही अन्य सूचनेपेक्षा हिचे महत्त्व अधिक आहे. हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये गेलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. किल्ली फिरविताच वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकतो. ज्या गाडीचे काम सफाई व ऑइल बदलण्यावर भागले असते तिचे इंजिन त्यामुळे पूर्ण उतरवावे लागते. विम्यातही हाच भेद केला जातो : पुराने झालेले नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत येते, पण पाण्यात इंजिन सुरू केल्याने झालेली मोडतोड ‘इंजिन संरक्षण’ हे जादा कलम घेतले नसेल तर सहसा नाकारली जाते. केवळ तृतीय पक्षाचा विमा असल्यास पुराचे काहीच मिळत नाही.

पाणी ओसरल्यावर गाडीजवळ जाण्यापूर्वी आसपास पाहून घ्यावे. विश्वामित्रीच्या मगरी पुरात वस्तीत येतात, आणि हा इशारा बहुधा याच शहराच्या मोटारविषयक नोंदीत द्यावा लागत असेल. त्यानंतर पाणी कुठपर्यंत चढले होते त्याच्या खुणेसह छायाचित्रे काढावीत, बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, विमा कंपनीस कळवावे आणि गाडी उचलून गॅरेजमध्ये न्यावी. विजेवर चालणारी गाडी बुडाली असेल तर तिच्या नारिंगी रंगाच्या केबलांना हात लावू नये आणि ती चार्ज करू नये. अशा बॅटरीला काही दिवसांनंतरही आग लागू शकते, म्हणून ती इमारतीपासून दूर मोकळ्यावर ठेवतात.

बडोद्यात सीएनजीच्या गाड्या पुष्कळ आहेत. टाकीत वायू सुमारे २०० बार दाबाने भरला जातो, म्हणून टाकीची दर तीन वर्षांनी जलदाब चाचणी करून घ्यावी लागते आणि भरताना सर्वांनी गाडीतून उतरावयाचे असते. बाहेरून बसविलेल्या किटची नोंद आरसी पुस्तकात हवी. टाकी डिकीत असल्यामुळे स्टेपनी तिच्याखाली अडकते. ती कशी निघते हे आधीच घरी पाहून ठेवावे.

शहरातील चालनात दोन प्रसंग वेगळे सांगण्यासारखे आहेत. उत्तरायणाच्या (मकरसंक्रांतीच्या) दिवसांत कापलेल्या पतंगामागे मुले रस्त्यावर धावत येतात आणि त्यांची नजर आकाशाकडे असते, तेव्हा वस्तीतून गाडी पायी चालण्याच्या वेगाने न्यावी. रात्री मोकाट गुरे रस्त्याच्या मध्यभागी बसलेली असतात. समोरून येणाऱ्याचा डोळे दिपविणारा अपर दिवा आणि काळी म्हैस हा योग फार धोक्याचा असतो. अपघात झाल्यास १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. जखमीस मदत करणाऱ्या व्यक्तीस मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ अ संरक्षण देते.

मोठे सर्व्हिसिंग पावसाळ्यापूर्वी करावे असे सामान्यतः सांगितले जाते. बडोद्यात ते दसऱ्याच्या सुमारास करणे अधिक सोयीचे दिसते, कारण गाडी त्या वेळी पूजेसाठी धुतली जातेच, पाऊस संपलेला असतो, गाडीखालचा चिखल व गंज दिसतो, आणि दिवाळीच्या प्रवासाला अजून अवधी असतो. पुरानंतरच्या हंगामात जुनी गाडी घेणाऱ्याने मात्र सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते पाहावे, आसनांच्या रुळांवरील गंज व गालिच्याखालचा दमट वास तपासावा, आणि त्या गाडीवर कोणते दावे झाले याची माहिती विमा कंपनीकडून लेखी मागवून मगच सौदा करावा.